तुमचं व्हायोलिन मिळेल का

साडूंचा फोन आला तेव्हा चष्मेवाल्यांच्या समोर एक आजोबा हनुवटी टेकवून बसले होते आणि एका डोळ्याने भिंतीवरची अक्षरं वाचत होते. चष्मेवाल्यांनी एका हाताने काच बदलली आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"साडूभाऊ, एक अडचण झालीय," साडू म्हणाले. "रविवारी पाच वाजता आमच्या मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम आहे, आणि ऐन वेळी आमचं व्हायोलिन कामातून गेलं."

"अरेरे. काय झालं?"

"गाडीच्या दारात सापडलं. महिनाभर तरी उपयोगाचं नाही."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर तडकलेलं लाकूड आणि लोंबणाऱ्या तारा आल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "आता बरं दिसतंय का?" त्यांनी आजोबांना विचारलं.

"महिना लागेल म्हणालो ना," साडू म्हणाले. "तर तुमच्या मेहुणीला एकदम आठवलं. तुमचं व्हायोलिन मिळेल का?"

"मिळेल की. न्या ना."

"न्यायला कोण येणार? तुम्हीच घेऊन या. साडेतीनला पोचा म्हणजे झालं. गाडी पाठवू?"

"गाडी कशाला? हातातून येईल."

साडूंनी दोनदा आभार मानले. ही गोष्ट नवलाची होती, कारण साडू आजवर चष्मेवाल्यांशी बोलले ते बहुतेक सल्ला देण्यासाठीच. दुकान कुठे हलवावं, पाटी कोणत्या रंगाची असावी, केस कसे कापावेत. त्यांनी काही मागितलं असं पहिल्यांदाच घडत होतं. चष्मेवाल्यांना बरं वाटलं, आणि त्या भरात त्यांनी आजोबांना चुकून पहिलीच काच पुन्हा लावली.

हे व्हायोलिन घरात आलं त्याला तीन वर्षं झाली होती. धोबीखान्याच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक मास्तर चष्मा करायला दुकानात आले होते. चष्मेवाले काच फ्रेममध्ये बसवत असताना ते टक लावून त्यांची बोटं बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचा हात थरथरत नाही. उद्या सकाळी सहाला या." चष्मेवाले गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला 'या' म्हणणारे फारसे कुणी उरलेले नसतात, एवढं खरं.

पहिलं वर्ष फक्त सा. मास्तर टेबलावर घड्याळ ठेवायचे आणि गज या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस आकड्यांत न्यायला लावायचे. सतराव्या आकड्यावर सूर हलला की पुन्हा एकपासून. शिवाय रोज तारा मुद्दाम उतरवायच्या आणि पुन्हा जुळवायच्या. दुसऱ्या वर्षी सा रे ग म वर, नि ध प म खाली. तिसऱ्या वर्षी पलटे, म्हणजे सा रे ग, रे ग म, ग म प, असं पायरी-पायरीने. गाणं एकही नाही. चष्मेवाल्यांनी एकदा विचारून पाहिलं, तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघू." त्यानंतर चष्मेवाल्यांनी विषय काढला नाही.

मास्तरांकडून परतल्यावर घरीही रोज सकाळी तासभर हेच चालायचं. बायको म्हणायची, "तुमचं ते वर जातं, खाली येतं, पण पोचत कुठेच नाही." मात्र बहिणीशी फोनवर बोलताना तिचा सूर वेगळा असे. "तीन वर्षं झाली ताई, रोज तासभर वाजवतात. एक दिवस खाडा नाही." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि सगळा घोटाळा त्याच खऱ्या वाक्यातून झाला होता.

रविवारी बायकोने त्यांना पांढरा शर्ट काढून दिला.

"वाद्य पोचवायला जायचंय," चष्मेवाले म्हणाले. "त्याला इस्त्री कशाला?"

"ताई आणि भाऊजी चारचौघांत असणार. तुम्ही चुरगळलेले गेलात की नाव माझं निघतं. मी येते पाचपर्यंत."

सभागृह वाचनालयाच्या मागे होतं. दोनशे घडीच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, वर गरगरणारे पंखे. छातीवर बिल्ला लावलेले साडू दारातच भेटले. "आलात. देव पावला. आत जा, बाई आल्यात," म्हणत ते फुलदाणीच्या मागे धावले.

आतल्या खोलीत गायिकाबाई बसल्या होत्या. गळ्याभोवती लोकरीचा रुमाल, हातात गरम पाण्याचा थर्मास. पलीकडे कीबोर्डवाला बिस्किटं खात होता.

"मी व्हायोलिन आणलंय," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी पेटी टेबलावर ठेवली.

"छान," कीबोर्डवाला म्हणाला. "पट्टी काळी एक. लावून घ्या." आणि त्याने एक पट्टी दाबून धरली.

वादक अजून आलेला दिसत नव्हता. आपण निदान तारा तरी जुळवून ठेवू, असा चष्मेवाल्यांनी विचार केला. ती रोजच्या पट्टीपेक्षा अर्धा सूर वर होती, पण खुंट्या पिळण्याची त्यांना सवय होती. त्यांनी चारी तारा लावल्या, गज एकदा टोकापासून टोकापर्यंत ओढून पाहिला, आणि कुणाचं वाद्य कुणाला देताना पुसून द्यावं तसं ते फडक्याने पुसायला लागले.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. "किती वर्षं शिकताय?"

"तीन. पण बाई, मी फक्त व्हायोलिन आणलंय. वाजवणारे अजून यायचेत."

बाईंनी डोळे मिटले. "खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आपण फक्त आणतो. वाजवणारा येतो किंवा येत नाही."

कीबोर्डवाल्याचं बिस्किट हातातच राहिलं.

"येतील ना पण?" चष्मेवाल्यांना आता काळजी वाटू लागली. "साडेचार झाले."

"कधी कधी पहिल्या गाण्याला येत नाही. दुसऱ्याला येतो."

दोनशे लोक बसलेले असताना दुसऱ्या गाण्याला उगवणाऱ्या माणसाबद्दल चष्मेवाल्यांचं मत तिथल्या तिथे वाईट झालं. पण बाईंना त्याची सवय असावी. त्या शांत होत्या. फक्त थर्मासवरची त्यांची बोटं शांत नव्हती.

"दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर आज पहिल्यांदा लोकांसमोर बसतेय. आज जमलं तर गाणं राहील, नाहीतर मी गप्प बसायचं ठरवलंय. एक विनंती आहे. माझा आवाज कुठे सुटलाच, तर तुम्ही तेवढा सा सोडू नका."

"सांगतो," चष्मेवाले म्हणाले.

"कुणाला?"

"वाजवणाऱ्यांना."

बाईंनी त्यांच्याकडे काही क्षण पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. चष्मेवाल्यांना काहीच उमगलं नाही. त्यांनीही जोडले.

पाचला पाच कमी असताना साडू आत आले. "चला, वर चला." चष्मेवाले व्हायोलिन घेऊन मंचावर गेले. गायिकेच्या डावीकडे एक रिकामी खुर्ची होती. वाद्य तिच्यावर ठेवून परतावं असा त्यांचा बेत होता. पण खुर्ची उतरती होती, व्हायोलिन घसरत होतं, आणि ते तिसऱ्यांदा सरळ करत असतानाच पडदा उघडला.

टाळ्या झाल्या. चष्मेवाले वाकलेले होते, तेव्हा पुढच्या रांगेला तो नमस्कार वाटला. ते ताठ झाले. दोनशे लोकांसमोर नुसतं उभं राहणं फार वाईट दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते खुर्चीत बसले. बसल्यावर व्हायोलिन ठेवायला मांडीशिवाय जागा उरली नाही.

तिसऱ्या रांगेतून बायको हातवारे करत होती. खाली या. चष्मेवाल्यांनी भुवया उंचावल्या. कसा येऊ?

"आमचे नेहमीचे वादक," साडू माइकवर सांगत होते, "त्यांचं बोट दुर्दैवाने गाडीच्या दारात सापडलं. पण घरचाच कलावंत धावून आला. व्हायोलिनवर आहेत, तीन वर्षांच्या अखंड साधनेनंतर प्रथमच मंचावर, माझे साडू."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोरचं तडकलेलं लाकूड नाहीसं झालं आणि तिथे एक पट्टी बांधलेलं बोट आलं. ते कीबोर्डवाल्याकडे झुकले. "अहो, मला गाणी येत नाहीत."

"मला तरी कुठे पाठ आहेत? वहीत बघून वाजवतो."

"माझ्याकडे वही नाही."

"तुम्हाला कशाला लागतेय," कीबोर्डवाला आदराने म्हणाला आणि त्याने ताल सुरू केला.

बाईंनी पहिली ओळ उचलली. चष्मेवाल्यांना ते गाणं ओळखीचं नव्हतं, पण त्यातला सा ओळखीचा होता. पळून जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी गज तारेवर ठेवला आणि सा धरला. एक ते वीस तिकडे, एक ते वीस इकडे. आवाज इतका हळू की आपण वाजवतोय हे कुणाला कळू नये.

ओळ संपली. बाई थांबल्या आणि त्यांनी मान वळवून चष्मेवाल्यांकडे पाहिलं. कीबोर्डवाल्याने पाहिलं. मग सभागृहाने पाहिलं. गाण्यात अशी एक मोकळी जागा असते आणि ती वादकाने भरायची असते, ही गोष्ट धोबीखान्याच्या वरच्या खोलीत कधी निघाली नव्हती. चष्मेवाल्यांच्या डोक्यात पूर्ण काळोख होता. पण बोटांना डोक्याची वाट बघायची सवय नव्हती. ती सकाळी सहाला जे करायची तेच करू लागली. सा रे ग, रे ग म, ग म प. वर पोचली, श्वासभर थांबली आणि तालात पायरी-पायरीने खाली आली. बाईंनी मान डोलवली आणि दुसरी ओळ घेतली.

पुन्हा मोकळी जागा. चष्मेवाल्यांनी पलटा उलटा वाजवला. शेवटच्या रांगेतून कुणीतरी "वा" म्हणालं. ही वा कुणाला, हे बघायला चष्मेवाल्यांनीच मागे वळून पाहिलं.

तिसऱ्या रांगेत बायकोने तोंडावरचा पदर खाली घेतला होता. "अगं ताई, हे तर आमचं सकाळचंच आहे," ती कुजबुजली. "यावर मी कणीक मळते."

दुसऱ्या गाण्यात घोडं अडलं. त्यात ग होता, पण तो रोजचा ग नव्हता. तो रोजच्या जागेपेक्षा जरा खाली कुठेतरी होता. चष्मेवाल्यांनी आपला ग वाजवला आणि बाईंची एक भुवई वर गेली. त्यांनी बोट झटकन उचललं. तो सूर नेमका कुठे असतो हे ठाऊक नव्हतं, तेव्हा तिथे जायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. सा, रे, मग चिडीचूप, मग म. जिथे ग यायला हवा तिथे दर वेळी छोटीशी शांतता. लोक ती शांतता ऐकायला पुढे सरकून बसले. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात, आणि आपल्याला जे येत नाही त्याला टाळ्या का पडतायत, हे कोडं सोडवत चष्मेवाले बसून राहिले.

तिसरं गाणं बाईंनी फार खालून सुरू केलं. ते हळूहळू वर चढत होतं. बाईंच्या मानेवरची शीर ताणलेली दिसत होती. त्या सगळ्यात उंच सुराच्या एक पायरी अलीकडे आल्या, आणि वीज गेली.

पंखे थांबत थांबत थांबले. माइक मेला. कीबोर्डवाला पट्ट्या दाबत होता आणि प्लॅस्टिकची टकटक तेवढी ऐकू येत होती. बाईंचा उघडा आवाज चौथ्या रांगेपर्यंत गेला, तिथे चिरला आणि तुटला. त्यांनी गळ्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. साडू बिल्ला सावरत मागच्या विजेच्या फळीकडे धावले.

सगळं थांबलं होतं, पण चष्मेवाल्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. ते आकडे मोजत होते. बारा, तेरा, चौदा. त्यांच्या व्हायोलिनला विजेची गरज नव्हती. खिडक्यांतून उन्हाचे लांब पट्टे खुर्च्यांवर पडले होते, आणि त्या शांततेत एकच सूर चालू होता. वीस झाले. त्यांनी गज परतवला.

बाईंनी डोळे मिटले. एक श्वास घेतला. मग त्या सुराला लागून, जवळजवळ बोलल्यासारखं, त्यांनी ती ओळ पुन्हा सुरू केली. उंच जागी जायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही. ती ओळ त्यांनी खालीच फिरवली, दोनशे माणसं श्वास धरून ऐकतील इतक्या हळू. एकदा आवाज घसरला. सा जागेवर होता. त्या त्याच्याकडे परत आल्या. दुसऱ्यांदा घसरला. पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा घसरला नाही. चष्मेवाल्यांचा खांदा भरून आला होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि त्यांना फक्त एवढंच ठाऊक होतं की सतराव्या आकड्यावर सूर हलता कामा नये.

सात-आठ मिनिटांनी पंखे फिरू लागले. कीबोर्डवाल्याने हात मांडीवरच ठेवले. बाईंनी गाणं संपवलं, सा ऐकू येईनासा झाला, आणि मग लोक उठून उभे राहिले.

आतल्या खोलीत बाई हसत होत्या आणि रुमालाने डोळेही टिपत होत्या. "आले ना शेवटी?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"वाजवणारे."

"नाही हो बाई," चष्मेवाले म्हणाले. "त्यांचं तर बोट सापडलंय दारात."

बाई इतक्या हसल्या की कीबोर्डवाल्याने घाईघाईने थर्मासचं झाकण उघडलं. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माझे तीन कार्यक्रम आहेत. मला तुम्हीच हवेत." कीबोर्डवाल्याने वहीतला कागद फाडला आणि बावीस गाण्यांची यादी चष्मेवाल्यांच्या खिशात घातली. साडूंनी त्यांना जवळ घेऊन पाठ थोपटली. सल्ला एकही दिला नाही.

"हो कशाला म्हणालात?" घरी जाताना बायकोने विचारलं.

"मी कुठे म्हणालो? मी मान हलवत होतो. ताल अजून डोक्यात चालू होता."

"बावीस गाणी आहेत. तुम्हाला एक येत नाही."

"मास्तर आहेत ना," चष्मेवाले म्हणाले. त्यांना रात्री गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी सहाला ते धोबीखान्याचा जिना चढले. मास्तरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं होतं. चष्मेवाल्यांनी झालेला सगळा प्रकार सांगितला आणि यादी घड्याळाशेजारी ठेवली. "मास्तर, आता मात्र गाणं शिकवा."

मास्तरांनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. चष्मा काढून पुसला.

"मला येत नाहीत," ते म्हणाले.

"यातलं कुठलं येतं?"

"कुठलंच नाही. यातलंही नाही, याच्या बाहेरचंही नाही."

खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला. चष्मेवाले खुर्चीत बसले.

"आमचे गुरुजी फार कडक होते," मास्तर घड्याळाकडे बघत म्हणाले. "सा चार वर्षं. सरगम तीन. पलटे पाच. पुढच्या सोमवारी गाणं सुरू करू म्हणाले, आणि शनिवारी मुलाकडे राहायला गेले, समुद्रापलीकडे. बारा वर्षं शिकून एक गाणं येत नाही, हे दुसऱ्या कुणाला कसं सांगायचं? मला लाज वाटली. मग लोक माझ्याकडे शिकायला यायला लागले. त्यांना तर अजिबात सांगता येईना."

"पण इतक्या वर्षांत कुणी गाणं मागितलं नाही?"

"दोन वर्षांच्या आत सगळे कंटाळून जातात. वेळच आली नाही कधी. तुम्ही मात्र जाईनात." मास्तरांच्या आवाजात थोडी तक्रार होती. "तिसरं वर्ष लागलं तसा मला घोर लागला. रोज वाटायचं, आज नाही येणार. सहा वाजले की तुमची पावलं वाजायची जिन्यावर."

रागवावं असं चष्मेवाल्यांना वाटत होतं, पण राग शोधूनही सापडत नव्हता. त्याच्या जागी बाईंचा गळ्यावर ठेवलेला हात दिसत होता.

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. "काल बाई दुसरं गाणं कुठलं गायल्या म्हणालात?"

"त्याचं नाव मला माहीत नाही. चाल जरा जरा आठवतेय."

"म्हणा की."

चष्मेवाल्यांनी गुणगुणून दाखवलं. त्यांचा गळा बरा नव्हता, पण सूर जागेवर होते. मास्तरांनी व्हायोलिन उचललं. पहिले चार सूर त्यांना लगेच सापडले, जणू ते तिथेच वाट बघत बसले होते. पाचव्याला बोट अडखळलं.

"इथे काहीतरी खाली आहे," मास्तर पुटपुटले.

"मीही तिथेच अडलो होतो. मी ते गाळलं."

"गाळायचं नाही. थांबा." मास्तरांनी बोट केसभर मागे सरकवलं. मग आणखी केसभर. आणि तो ग लागला. मास्तर दचकले आणि त्यांनी व्हायोलिनकडे असं पाहिलं, जसं बारा वर्षं शेजारी राहिलेला माणूस पहिल्यांदाच बोलला असावा. त्यांनी पूर्ण ओळ वाजवली. मग पुन्हा वाजवली. त्यांच्या नाकावरचा चष्मा घसरत होता आणि तो वर करायला त्यांना हात मोकळा नव्हता. चष्मेवाल्यांनी तो हळूच वर सरकवला.

"पुढची ओळ?" मास्तरांनी विचारलं.

"आधी ही पक्की करा," चष्मेवाले म्हणाले. "उतरताना थोडी घाई होतेय."

"हो का? बरं," म्हणून मास्तर मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले.

सातला दार वाजलं. पुढच्या तासाची विद्यार्थिनी, शेजारच्या दवाखान्यातली परिचारिका, व्हायोलिनची पेटी घेऊन उभी होती. मास्तरांनी गज न थांबवता दाराकडे मान वळवली.

"आज वर्ग नाही," ते म्हणाले. "माझी शिकवणी चाललीय."